संस्थापकाची श्रद्धा संस्थेत कुठे उतरते?

मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याजवळ नाणेघाटाची पायवाट वर चढते. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे. अश्वमेध, राजसूय यांसारखे यज्ञ आणि त्या निमित्ताने दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, गावे, वस्त्रे, कार्षापणे यांची ती लांबलचक नोंद आहे. त्याच घाटात एका टाक्यापाशी दुसरा, अगदी छोटा लेख आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासाने ही पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिली, एवढेच तो सांगतो. दोन्ही दाने धर्मबुद्धीने दिलेली. एकाने राजघराण्याची प्रतिष्ठा वाढवली, दुसऱ्याने घाट चढून आलेल्या कोणाचीही तहान भागवली. श्रद्धा दोन्हीकडे होती, फरक पडला तो दानाच्या घडणीने. आज मुरबाड-शहापूर पट्ट्यात आश्रमशाळा, वसतिगृहे, फिरते दवाखाने आणि बचतगट चालवणाऱ्या संस्थांकडे लोक साधारण दोन नजरांनी बघतात. एक नजर संशयाची: सेवेच्या आडून यांना धर्म पसरवायचा आहे. दुसरी भक्तीची: हा तर देवमाणूस, त्याला हिशेब कसला विचारायचा? दोन्ही नजरा संस्थापकाच्या मनात डोकावतात, आणि मन कोणालाच दिसत नाही. माझे म्हणणे असे की संस्थापकाची श्रद्धा शोधायची तर ती संस्थेच्या नियमांत, माणसांच्या गोतावळ्यात, पैशाच्या वाटांत आणि वारसाच्या निवडीत शोधावी. करुणा कोणत्याही मनात उपजते. संस्थेचा साचा मात्र बहुतेक वेळा श्रद्धेच्या परंपरेतून उचललेला असतो, आणि त्या साच्याचे गुणदोष संस्थापकाच्या पश्चातही टिकतात.

या प्रश्नावर जगभरच्या अभ्यासकांनी बराच विचार केला आहे. अर्थशास्त्रज्ञ बर्टन वाइसब्रॉड यांनी 1970च्या दशकात मांडले की सरकार सर्वसाधारण मतदाराची गरज भागवते, उरलेल्यांच्या गरजांसाठी ना-नफा संस्था उभ्या राहतात. एस्टेल जेम्स यांनी पुढच्या दशकात दुसऱ्या टोकाने प्रश्न विचारला: गरज सगळीकडे असते, पण संस्था काढायला पुढे येतो कोण? देशोदेशीच्या शाळा-दवाखान्यांचा इतिहास पाहून त्यांनी उत्तर दिले की पुढे येणाऱ्यांत धार्मिक गट फार मोठ्या संख्येने असतात. त्यांना नफा नको असतो. अनुयायी मिळवायचे असतात किंवा असलेले राखायचे असतात. रॉबर्ट पुटनम आणि डेव्हिड कॅम्पबेल यांनी 2010 साली ‘अमेरिकन ग्रेस’ या ग्रंथात आणखी एक गोष्ट दाखवली. नेमाने चर्चला जाणारे लोक दान आणि स्वयंसेवा जास्त करतात खरे, पण त्याचा संबंध देवावरच्या विश्वासापेक्षा तिथे जुळलेल्या मैत्रीशी अधिक आहे. तीन मतांतले शेवटचे आपल्याकडच्या दिंडी-सप्ताहांना लगेच लागू पडते. जेम्स यांचे मत मात्र महाराष्ट्रात येऊन अडखळते, कारण इथल्या कित्येक संस्थापकांनी अनुयायी मिळवण्याऐवजी आपल्याच धर्मबांधवांचा रोष ओढवून घेतला.

विठ्ठल रामजी शिंदे यांचे उदाहरण घ्या. जमखिंडीच्या वारकरी वळणाच्या घरात ते वाढले, प्रार्थना समाजात आले, युनिटेरियन शिष्यवृत्तीवर 1901 ते 1903 ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला आणि 1906 साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. शाळा, वसतिगृह, उद्योगशिक्षण आणि उपासना एकत्र बांधण्याची ही रचना ख्रिस्ती मिशनऱ्यांची होती. आतली प्रेरणा एकेश्वरी आणि संतपरंपरेची. अस्पृश्यांची सेवा हीच उपासना मानणाऱ्या शिंदे यांचे प्रार्थना समाजातल्या मंडळींशी पुढे बिनसले, आणि 1910 साली ते समाजाच्या प्रचारकपदावरून दूर झाले. त्याआधी जोतीराव फुले यांची वाट तर याहून वेगळी होती. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या फुल्यांनी पुरोहिताची मध्यस्थी नाकारली, पण धर्म नाकारला नाही. 1873 साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने भटाशिवाय लग्ने लावली, म्हणजे श्रद्धेची विधिव्यवस्थाच नव्याने मांडली. त्या समाजाच्या प्रभावाखाली घडलेल्या, जन्माने जैन असलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो हा या भूमीत धर्माचाच प्रश्न होता. संस्थापकाचे उत्तर कोणत्याही भाषणापेक्षा त्या पंगतीत स्वच्छ वाचता येत होते.

श्रद्धेची सर्वांत कठोर परीक्षा पंडिता रमाबाईंच्या संस्थेने दिली. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि 1889 साली मुंबईत शारदा सदन उघडले. उच्चवर्णीय विधवांना आसरा आणि शिक्षण द्यायचे, धर्माच्या बाबतीत सक्ती करायची नाही, अशी अट होती. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हिंदू सुधारक सल्लागार मंडळात होते. सदन पुण्याला आले, काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, आणि 1893 साली वादळ उठले. सल्लागार बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई पुढे केडगावला गेल्या, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या बायका-मुलींना त्यांनी जवळ केले, आणि तिथले मुक्ती मिशन उघडपणे ख्रिस्ती राहिले. हा वाद एका बाजूने सांगून भागत नाही. सुधारकांची तक्रार खोटी नव्हती. ज्या बाईवर मुलीचे अन्नवस्त्र अवलंबून आहे, तिच्या प्रार्थनेचे दार नुसते उघडे असले तरी ते ओढ लावते. पण त्या मुलींना दुसरे दार उघडे नव्हते, हेही तितकेच खरे. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. सदनातच शिकलेल्या गोदूबाईंशी 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला, 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 साली तो हिंगण्याला नेला. 1908 साली त्यांनी निष्काम कर्ममठ स्थापला: आजन्म सेवकांनी व्रत घ्यायचे, फळाची आस धरायची नाही. गीतेच्या परिभाषेत उभ्या राहिलेल्या या मठामागे ख्रिस्ती बाईने घडवलेली विद्यार्थिनी होती. संस्थांचे साचे धर्माच्या वेशी सहज ओलांडतात, आणि एकमेकांच्या विरोधातूनही एकमेकांना घडवतात.

कर्व्यांचा मठ ज्या व्रतावर उभा होता, ते व्रत हीच श्रद्धेने सार्वजनिक कामाला दिलेली सर्वांत टिकाऊ वस्तू आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 साली पुण्यात भारत सेवक समाज काढला तेव्हा सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान हवे, अशी त्यांची धारणा होती. सभासद सात शपथा घेत. स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही आणि जातधर्म न पाहता सर्व भारतीयांना बंधू मानायचे, या त्यांतल्या दोन. समाजात पूजा नव्हती, पण दीक्षा होती. ठक्करबाप्पा 1914 साली इथेच आले आणि पुढे त्यांनी भिल्लांमध्ये आयुष्य वेचले. इथेच गोदावरी परुळेकर पहिल्या स्त्री-सभासद झाल्या, आणि पुढे हा समाज सोडून त्या कम्युनिस्ट झाल्या. मुरबाडपासून जवळच असलेल्या टिटवाळ्यात जानेवारी 1945 मध्ये महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले, तिथे आलेल्या वारल्यांनी आपली वेठबिगारी सांगितली, आणि वारल्यांचा उठाव झाला. धर्माला अफू मानणाऱ्या पक्षाची ही बाई वारल्यांच्या खोपटात ज्या निष्ठेने राहिली, त्या निष्ठेला शब्द द्यायचा तर व्रताशिवाय दुसरा सापडत नाही.

इथेच पहिला आक्षेप उभा राहतो. नास्तिक आणि निधर्मी माणसेही संस्था काढतात, आयुष्य झोकून देतात. मग श्रद्धेला श्रेय कशाला? नरेंद्र दाभोलकरांनी 1989 साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापली आणि गावोगाव शाखांचे जाळे विणले, तेही देवाच्या नावाशिवाय. आंध्रातल्या मुदुनूर गावात गोरा यांनी 1940 साली नास्तिक केंद्र काढले. आक्षेप रास्त आहे, आणि तो मान्य केल्यानेच माझा मुद्दा नेमका होतो. सेवेची इच्छा श्रद्धेची मक्तेदारी नाही. पण साधी राहणी, मानधनावरचे आयुष्य, नियमित बैठका, गावोगावचे दौरे आणि कार्यकर्त्याच्या चारित्र्यावर ठेवलेली नजर ही सारी अवजारे धर्मसंस्थांनी शतकानुशतके घासूनपुसून तयार केलेली आहेत. निधर्मी संस्थापकाने ती उचलली यात कमीपणा काहीच नाही. श्रद्धा बदलली की काय बदलते ते कुष्ठसेवेत चांगले दिसते. 1874 साली स्थापन झालेल्या ख्रिस्ती कुष्ठमिशनच्या परंपरेत रुग्णाला आसरा, औषध आणि प्रार्थना मिळाली. 1936 साली विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले, तिथे शेती आणि सूतकताई आली. बाबा आमट्यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापली. त्यांच्या आनंदवनात दयेला मागे सारून श्रम आणि स्वाभिमान पुढे आणले. रोग एकच. माणसाचा उद्धार कशाने होतो याविषयीची धारणा तीन ठिकाणी वेगळी, म्हणून तीन ठिकाणी रुग्णाचा दिवसही वेगळा.

व्रतानंतर येतो गोतावळा आणि त्यातून येणारा पैसा. गाडगे महाराजांनी देवळे बांधली नाहीत. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे धर्मशाळा बांधल्या. त्यांचे कीर्तन हीच शाळा होती आणि तीच वर्गणीची सभा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. वारकऱ्यांच्या पैशांतून उभी राहिलेली इमारत दलित विद्यार्थ्यांच्या कामी आली. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात पाळीपाळीने येणारे सेवेकरी विनावेतन राबतात, आणि त्या शिस्तीवर दवाखाने व अभियांत्रिकी महाविद्यालय चालते. नानासाहेब धर्माधिकारी यांनी 1943 साली सुरू केलेल्या दासबोधाच्या बैठकांतून पुढे ठाणे-रायगडात वृक्षारोपण, विहिरींची साफसफाई आणि स्वच्छतेच्या मोहिमा निघाल्या. शहापूरशेजारच्या तानसा खोऱ्यात गणेशपुरीला नित्यानंद बाबा आदिवासी मुलांना जेवू घालत. त्या परंपरेतून पुढे प्रसाद चिकित्सेचे दवाखाने आणि नेत्रशिबिरे उभी राहिली. या सगळ्यांत समान धागा विश्वासाचा आहे. आठवड्यामागून आठवडे एका सतरंजीवर बसलेली माणसे हाक मारताच खराटा घेऊन येतात. नव्या, निधर्मी संस्थेला हा विश्वास शून्यातून कमवावा लागतो, आणि अनुदान संपले की कार्यकर्ते पांगतात. पण याच बळाची दुसरी बाजूही आहे. जिथे भक्त हाच देणगीदार असतो तिथे हिशेब मागणे हा अश्रद्धपणा ठरतो, आणि संस्थापक गेला की विश्वस्तांची निवड न होता गादी चालवली जाते. धर्मादाय आयुक्तांकडे वर्षानुवर्षे पडून राहिलेले चेंज रिपोर्टचे, म्हणजे विश्वस्तबदलाच्या नोंदीचे, वाद पुष्कळदा याच मातीतून उगवतात.

आतापर्यंत श्रद्धा आधी आणि संस्था मागून, असा क्रम गृहीत धरला. आंबेडकरांनी तो उलटा करून दाखवला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना 1945ची, मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय 1946चे, औरंगाबादचे, ज्याचे पुढे मिलिंद असे नामकरण झाले ते, 1950चे. बौद्ध धम्माची दीक्षा झाली 14 ऑक्टोबर 1956 रोजी. प्रश्न विचारणारा मिलिंद राजा आणि गृहत्याग करणारा सिद्धार्थ हे दीक्षेच्या आधीच विद्यार्थ्यांच्या प्रवेशपत्रांवर येऊन बसले होते. नवी श्रद्धा स्वीकारण्याआधी समाजाने तिच्या छपराखाली काही वर्षे काढली. याच्या अगदी उलट वाट जेझुइट फादर हर्मन बाखर यांची. 1948 साली ते भारतात आले, अहमदनगरच्या दुष्काळी भागात रमले आणि 1993 साली क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर त्यांनी पाणलोट विकासासाठी ‘वॉटर’ ही संस्था काढली. संस्थापक धर्मगुरू, पण कामाचे नियम श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी असे गावसभेने ठरवलेले. त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी राहिली, गावाला त्यातून चिकाटी मिळाली. श्रद्धावान माणसाची संस्था धर्मप्रचारकच असते, हा समज एवढ्या एका उदाहरणाने ढिला पडतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि याच पट्ट्यातला आहे: आदिवासींमधली सेवा म्हणजे आमिष. ठाणे-पालघरच्या डोंगरात ख्रिस्ती मिशन आले, 1967 साली तलासरीत माधवराव काणे यांनी हिंदू संघटनेचे काम सुरू केले, लाल बावटा आधीपासून होताच. प्रत्येकाने दुसऱ्यावर मने वळवण्याचा आरोप केला. एखाद्या वसतिगृहाचा दिवस जवळून पाहा. पहाटे घंटा, रांगेत दात घासणे, प्रार्थना, ताटावर बसताना श्लोक किंवा प्रार्थना, संध्याकाळी पुन्हा प्रार्थना, भिंतीवर तसबिरी. मुलाच्या घरचा वाघोबा, हिरवा, कणसरी यांतले कोणीही सहसा त्या भिंतीवर नसते. प्रार्थना कोणाची असावी यावर भांडणारे सगळे एका गोष्टीवर न बोलता एकमत दाखवतात: मुलाने घरून आणलेली श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे, ती रिकामी जागा आहे. आमिषाच्या आरोपापेक्षा मला हे अधिक गंभीर वाटते. राज्यघटनेच्या कलम 28(3)ने याचे उत्तर देऊन ठेवले आहे: मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कोणालाही संमतीशिवाय, आणि अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. पण वसतिगृहात मुलगा सोडून परत पाडा गाठणाऱ्या बापाला ही संमती कोणी विचारते का? अनुदान घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने प्रवेशाच्या वेळी ती त्याच्या बोलीत विचारावी, आणि नाही म्हणणाऱ्या मुलाचे ताट, गादी व वही तशीच राहील हे लिहून द्यावे. असे लिहून देणे संस्थेच्या श्रद्धेला जड जात असेल, तर तिच्या सेवेला अट आहे हे तिने कबूल करावे.

श्रद्धा शिकणाऱ्याच्या बाजूने आली तर काय घडते, याचे उदाहरण मुरबाड तालुक्यातच आहे. फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती मोतीराम दलाल ट्रस्टच्या मदतीने काढली. गुलाबी नऊवारी नेसलेल्या, खांद्याला दप्तर अडकवलेल्या साठी-सत्तरीपुढच्या बायका दुपारची कामे आवरून पाटी घेऊन बसतात. गावातलीच एक सून त्यांना शिकवते. या शाळेचे बीज पोथीत आहे. दुसऱ्याने वाचलेली पोथी आयुष्यभर ऐकली, ती आपल्याला वाचता यावी, ही त्या बायकांची इच्छा शिक्षकाच्या कानावर पडली आणि त्याने तिला शाळेचे रूप दिले. संस्थापकाने आपला देव आणला नाही, त्यांचाही काढून घेतला नाही. अक्षरे हाती आल्यावर कोणी पोथी वाचेल, कोणी सहीपुरती थांबेल, कोणी एसटीची पाटी वाचेल. श्रद्धेने दार उघडले, पुढे कुठे जायचे ते ज्याचे त्याने ठरवले. मोठमोठ्या संस्थांना न साधलेली ही गोष्ट एका छोट्या शाळेने साधली, कारण गरज आणि श्रद्धा दोन्ही शिकणाऱ्याच्याच होत्या.

तिसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा: दवाखाना चालतो ना, मुले शिकतात ना, मग संस्थापक काय मानतो याची उठाठेव कशाला? कारण श्रद्धा संस्थेची कुंपणे ठरवते. कुटुंबनियोजनाची माहिती द्यायची का, पाळीच्या दिवसांत मुलगी स्वयंपाकघरात येईल का, आंतरजातीय लग्न केलेले जोडपे आसऱ्याला आले तर काय, दुसऱ्या धर्माचा कार्यकर्ता कधी अध्यक्ष होईल का, या प्रश्नांची उत्तरे वार्षिक अहवालात छापलेली नसतात, पण लाभार्थ्याला रोज भेटतात. कायद्याची मदत इथे मर्यादित आहे. 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली देऊळ, चर्च आणि अनाथाश्रम एकाच धर्मादाय आयुक्तांकडे नोंदले जातात. ते हिशेब तपासतात, कुंपणे तपासत नाहीत. ती तपासायची कोणी? माझे उत्तर असे की ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांनी. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथल्या ग्रामसभांना पेसा कायद्याने विशेष अधिकार आहेत. गावात काम करणाऱ्या संस्थेने वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे उभे राहावे, किती पैसे आले ते सांगावे, आणि आम्ही काय मानतो, कोणाला कशासाठी नाही म्हणतो हेही सांगावे. श्रद्धावान संस्थांनी यात भिण्यासारखे काही नाही. शिंदे, रमाबाई, गाडगे महाराज यांनी आपली श्रद्धा कधी लपवली नाही. तिच्यापायी त्यांना पैसा, सहकारी आणि मान गमवावे लागले तरी ती उघड राहिली. आजच्या संस्थापकांनी त्यांची व्रते घेतली तर त्यांचा हा उघडपणाही घ्यायला हवा. सेवा घेणाऱ्याला संस्थापकाचा देव नाकारण्याची पूर्ण मुभा असेल, तरच त्या देवाच्या नावाने केलेल्या सेवेला सेवा म्हणता येईल.